सहा किलोचा पाइप, तेहतीसची हवा, एकशेवीसचं बीपी

पीव्हीसी पाइपच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, "चार किलोचा देऊ की सहा किलोचा?" पहिल्यांदाच आलेल्या माणसाला वाटतं, पाइपच्या वजनाचं बोलणं चाललंय. दुकानदार विचारत असतो ते वेगळंच: पाइपने आतून किती दाब सोसायला हवा? तोच माणूस परतताना गाडीत हवा भरायला थांबतो आणि "तेहतीस" सांगतो. घरी आईचं बीपी १२० बाय ८० निघतं. मोबाइलवर हवामानाचं ॲप १००८ दाखवतं. सीएनजी पंपावर २००चा आकडा असतो, कारखान्यातल्या कॉम्प्रेसरवर ७चा. हे सगळे आकडे दाबाचेच आहेत. प्रत्येक धंद्याने आपल्या सोयीचं माप धरलं आणि पुढे तेच चालू राहिलं.

एका मापातून दुसऱ्या मापात जायला एक गुणाकार पुरतो, आणि तोही आता मोबाइल करून देतो. माझ्या मते खरी गडबड गुणाकाराच्या आधीच होते. हा दाब कुठल्या शून्यापासून मोजलाय हे कुणी विचारत नाही, आणि आकड्याबरोबर एकक सांगायचं राहून जातं. म्हणून आधी दाब म्हणजे काय ते नीट बघू. आकडेमोड त्यानंतर.

त्यासाठी कुकरची शिट्टी हातात घ्या. कुकर थंड असताना ती काढून बघितली, तर एक जड धातूचा तुकडा आणि तो ज्या नळीवर बसतो तिचं बारीक भोक, एवढंच दिसेल. समजा भोकाचा व्यास ३ मिलिमीटर आहे. त्याचं क्षेत्रफळ येतं सुमारे ०.०७ चौरस सेंटिमीटर. शिट्टीचं वजन ७० ग्रॅम धरू. इतक्याशा भोकावर ७० ग्रॅम, तर त्याच हिशेबाने अख्ख्या एका चौरस सेंटिमीटरवर १००० ग्रॅम, म्हणजे एक किलो. आतली वाफ दर चौरस सेंटिमीटरला एक किलोपेक्षा जास्त रेटा द्यायला लागली की शिट्टी उचलली जाते आणि वाफ बाहेर पडते. आपल्याकडचे घरगुती कुकर साधारण याच दाबावर चालतात. शिट्टी हे दाब मोजणारं आणि राखणारं साधं, पण चोख यंत्र आहे.

एका कुकरची शिट्टी दुसऱ्याला का लावू नये, हेही याच हिशेबात कळतं. तीच ७० ग्रॅमची शिट्टी २ मिलिमीटरच्या भोकावर बसवली, तर ती उचलायला सव्वादोन किलोचा दाब लागेल. वजन तेच, भोक फक्त एका मिलिमीटरने लहान, आणि दाब दुपटीच्याही वर. झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह अशा वेळी वितळतो किंवा उडतो तो उगाच नाही.

दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. किलो प्रति चौरस सेंटिमीटर हे त्याचं एक एकक; कारखान्यात आणि शेतात त्याला नुसतं "किलो" म्हणतात. पौंड प्रति चौरस इंच हे दुसरं, तेच पीएसआय. जुनी माणसं पंक्चरच्या दुकानात "तीस पौंड हवा मार" म्हणतात ते यामुळेच. आणि न्यूटन प्रति चौरस मीटर म्हणजे पास्कल. ब्लेझ पास्कल या फ्रेंच गणितज्ञाचं नाव या एककाला १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय मान्यतेने देण्यात आलं.

पास्कल फार लहान आहे. एक चौरस मीटरच्या टेबलावर १०० ग्रॅम पीठ सारखं पसरलं, तर त्या पिठाचा टेबलावर पडणारा दाब साधारण एक पास्कल. म्हणून तो सुटा वापरता येत नाही. शंभर पास्कलचा एक हेक्टोपास्कल, हजाराचा किलोपास्कल, दहा लाखांचा मेगापास्कल. एक लाख पास्कल म्हणजे एक बार. बारचा हजारावा भाग मिलीबार, आणि तो हेक्टोपास्कलशी तंतोतंत जुळतो. त्यामुळे हवामानखात्यांनी मिलीबार सोडून हेक्टोपास्कल घेतला तेव्हा एकही आकडा बदलावा लागला नाही, फक्त नाव बदललं.

आता उरली उंचीची एककं: मिलिमीटर पारा, मीटर पाणी, इंच पारा. दाब मिलिमीटरमध्ये कसा मोजणार, असं वाटणं साहजिक आहे. त्याचं उत्तर विहिरीत सापडतं.

सतराव्या शतकात इटलीतल्या पंप बनवणाऱ्यांना एक गोष्ट छळत होती. वर बसवलेला पंप पाणी साधारण दहा मीटरपर्यंतच ओढतो, त्यापलीकडे कितीही जोर लावा, पाणी वर येत नाही. गॅलिलिओचा शिष्य एव्हांजेलिस्टा टॉरिचेली याने त्यावर विचार केला. पंप पाणी ओढत नाही. विहिरीतल्या पाण्यावर बसलेली हवा त्याला वर ढकलते, आणि तिच्या ढकलण्याला मर्यादा आहे. पाण्याऐवजी त्याच्या १३.६ पट जड पारा घेतला तर ही मर्यादा टेबलावर मावेल, हे त्याने ओळखलं. १६४४ मध्ये त्याने लिहून ठेवलेल्या प्रयोगात एका टोकाला बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरून पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केली होती. पारा खाली उतरला आणि सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबला. ०.७६ मीटर गुणिले १३.६ म्हणजे १०.३ मीटर पाणी. पंपवाल्यांची अडचण आणि नळीतला पारा एकच गोष्ट सांगत होते.

पुढे पास्कलने आपल्या मेहुण्याला, फ्लोरँ पेरियेला, अशीच नळी घेऊन प्यूय द डोम या डोंगरावर चढायला सांगितलं. १९ सप्टेंबर १६४८ला तो चढला, आणि वर गेल्यावर पारा खरोखर खाली उतरलेला दिसला. डोंगरावर डोक्यावरची हवा कमी, म्हणून दाब कमी. मला विज्ञानाच्या इतिहासातला हा प्रयोग फार आवडतो, कारण त्यात यंत्र म्हणून एक नळी आणि दोन पाय एवढंच लागलं.

आपल्याकडे विहिरीच्या काठावर बसवलेली मोटार पाणी सहा-सात मीटरपेक्षा जास्त खोलीवरून उचलायला कुरकुरते ते याच कारणाने. हिशेबाची मर्यादा दहा मीटर, पण फूट व्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची झडप), पाइपमधलं घर्षण, पाण्याची वाफ यांत बरंच जातं. म्हणून पाणी खोल गेलं की मोटार पाण्यात सोडावी लागते. सबमर्सिबल खालून ढकलते, आणि ढकलायला अशी मर्यादा नाही.

डॉक्टरांनी टॉरिचेलीचा पारा तसाच ठेवला. १२० बाय ८० म्हणजे हृदय आकुंचन पावताना रक्ताचा दाब १२० मिलिमीटर उंच पारा तोलून धरेल इतका, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये ८० इतका. १२० मिलिमीटर पारा म्हणजे १६ किलोपास्कल, किंवा १ मीटर ६३ सेंटिमीटर पाणी. पारा विषारी असल्यामुळे दवाखान्यांतून पाऱ्याची यंत्रं जात चालली आहेत आणि डिजिटल यंत्रं आली आहेत, तरी आकडा पाऱ्याच्या मिलिमीटरमध्येच सांगितला जातो. तो बदलू नये असंच मला वाटतं. पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण ज्या आकड्यावरून धोका ओळखतात, तो हलवण्यात नुसताच गोंधळ आहे.

आता आकडेमोड. सगळी एककं वेगवेगळी पाठ करायची गरज नाही. एकच साखळी लक्षात ठेवा, आणि तिचा आधार आपल्या डोक्यावरची हवा. समुद्रसपाटीला हवेचा प्रमाण दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल आहे. तोच १.०१३ बार, १.०३३ किलो, १४.७ पीएसआय, ७६० मिलिमीटर पारा, २९.९२ इंच पारा, १०.३३ मीटर पाणी. ढोबळ मानाने एक बार, एक किलो आणि एक वातावरण (म्हणजे हाच हवेचा प्रमाण दाब) जवळजवळ सारखेच, आणि त्यांच्या बरोबरीला शंभर किलोपास्कल, ०.१ मेगापास्कल आणि दहा मीटर पाणी. पीएसआयमध्ये हेच साडेचौदा. अचूक सांगायचं तर एक किलो म्हणजे ०.९८१ बार, म्हणजे दोघांत दोन टक्क्यांचा फरक.

टायरसाठी तोंडी हिशेब सोपा आहे. बारचे पीएसआय करायचे असतील तर पंधराने गुणा आणि बारच्या निम्मे वजा करा. २.४ बार असेल तर ३६ वजा १.२, उत्तर ३४.८. पीएसआयचे किलोपास्कल करायला सातने गुणा: ३३ गुणिले ७ म्हणजे २३१. खरं उत्तर २२७.५ आहे, पण हवा भरायला एवढा अंदाज पुरतो. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर २३०, २.३ आणि ३३ असे तीन आकडे शेजारी शेजारी दिसले तर ते तीन वेगळे दाब नाहीत.

आता शून्याचा प्रश्न. पंक्चर झालेल्या टायरला गेज लावलं तर शून्य दिसतं. आत काहीच नाही असं नव्हे. बाहेर जेवढी हवा दाबते तेवढीच आतूनही दाबते, म्हणून काटा हलत नाही. गेज फक्त बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त ते सांगतं. याला गेज दाब म्हणतात. पूर्ण पोकळीपासून मोजला तर तो निरपेक्ष दाब. टायरमध्ये गेजवर ३३ पीएसआय असेल तर निरपेक्ष दाब ३३ अधिक १४.७, म्हणजे ४७.७. टायर, कुकर, पाण्याची लाइन, बीपी हे सगळं गेज दाबात मोजतात. हवामानाचा दाब मात्र निरपेक्ष.

रोजच्या कामात हा फरक जाणवत नाही, पण तापमान मध्ये आलं की लगेच जाणवतो. सकाळी २५ अंशांना ३३ भरलेली हवा महामार्गावर धावून ५० अंशांपर्यंत तापली. हवेचा नियम निरपेक्ष दाबाला आणि निरपेक्ष तापमानाला (सेल्सिअस अंश अधिक २७३) लागू होतो: ४७.७ गुणिले ३२३ भागिले २९८, उत्तर ५१.७. त्यातून बाहेरचे १४.७ वजा केले की गेजवर दिसतील ३७. नुसत्या ३३लाच गुणलं असतं तर ३५.८ आले असते आणि हिशेब चुकला असता. गरम टायर बघून "हवा जास्त झाली" म्हणून काढून टाकू नका. टायर थंड झाला की दाब कंपनीने सांगितलेल्या आकड्याच्याही खाली जाईल. हवा सकाळी, गाडी फार चालवायच्या आत तपासावी, एवढंच.

कुकरचंही तसंच. गेजने एक किलो, पण पाण्याला जाणवतो तो निरपेक्ष दाब, दोन किलोच्या आसपास. त्या दाबाला पाणी १२० अंशांजवळ उकळतं आणि डाळ लवकर शिजते. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटर उंचीवर, हवेचा दाब सुमारे ८६० हेक्टोपास्कल असतो आणि उघड्या पातेल्यात पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. तिथे कुकरशिवाय डाळ शिजवायची तर बराच वेळ लागतो.

मोबाइलमध्ये दाबमापक सेन्सर असेल तर पुण्यात आणखी एक गोष्ट बघायला मिळते. सेन्सर ९४८च्या आसपास दाखवतो आणि हवामानाचं ॲप १००८ किंवा १०१० म्हणतं. सेन्सर बिघडलेला नाही. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, तिथला खरा दाब सेन्सर सांगतो. हवामानशास्त्रज्ञ मात्र सगळ्या गावांचे दाब समुद्रसपाटीला आणून मांडतात. नाहीतर नकाशावर प्रत्येक घाटमाथा कमी दाबाचा पट्टा दिसला असता. कुठल्या पातळीवरून मोजलंय हे माहीत असल्याशिवाय दोन आकड्यांची तुलनाच करता येत नाही.

आता पुन्हा पाइपकडे, कारण या विषयात पैसे सगळ्यात जास्त इथे वाया जातात. पाणीवाल्यांना "किलो" का सोयीचा, ते आधी पाहा. एक चौरस सेंटिमीटर तोंडाची दहा मीटर उंच नळी पाण्याने भरली तर त्यात हजार घन सेंटिमीटर, म्हणजे बरोबर एक किलो पाणी मावतं. पाण्याच्या अशा उंचीत मोजलेल्या दाबाला हेड म्हणतात. म्हणून दहा मीटर हेड म्हणजे एक किलो दाब. मोटारीच्या पट्टीवर हेड मीटरमध्ये असतं, पाइपवर दाब किलोत किंवा हल्ली मेगापास्कलमध्ये. ०.४ मेगापास्कल म्हणजे चार किलोचा पाइप, ०.६ म्हणजे सहा किलोचा. मेगापास्कलला दहाने गुणा, किलो येतात.

समजा विहीर ओढ्याकाठी आहे आणि शेत वर. विहिरीतल्या पाण्यापासून शेताच्या माथ्यापर्यंत उभा चढ ३५ मीटर. पाइपलाइनच्या लांबीमुळे होणारं घर्षण १० मीटर धरू. वर ठिबक आहे; ठिबकला सुमारे एक किलो दाब लागतो, फिल्टरमध्ये थोडा जातो, म्हणून त्याचे १५ मीटर. बेरीज ६० मीटर. मोटार ६० मीटर हेडची घेतली, पाइप सहा किलोचा. वरवर हिशेब बरोबर जुळला.

पण ६० मीटर हे मोटार पाणी देत असतानाचं हेड आहे. वर कुणी कॉक बंद केला आणि मोटार चालूच राहिली, तर पाणी थांबतं, घर्षण शून्य होतं आणि मोटार आपलं सगळ्यात मोठं हेड दाखवते. ते ८० मीटर असेल तर ओढ्याकाठच्या पाइपवर आठ किलोचा दाब. सहा किलोचा पाइप तिथे फुटण्याचा धोका असतो. वर चढत जाऊ तसा दर दहा मीटर उभ्या उंचीला एक किलो दाब कमी होतो. २० मीटर चढ झाल्यावर दाब सहा किलोवर येतो, माथ्यावर साडेचार. म्हणजे खालच्या २० मीटर चढाला आठ किलोचा पाइप किमान लागेल. लाइट गेल्यावर मोटार थांबते आणि वरचं पाणी मागे फिरून धडकतं, त्याचा दणका धरला तर तिथे दहा किलोचा घेणं शहाणपणाचं. वर सहा किलोचा चालेल. चार किलोचा पाइप मात्र या लाइनला माथ्यावरही पुरत नाही. पूर्ण लाइन दहाची टाकली तर खर्च वाढतो, पूर्ण सहाची टाकली तर खाली फुटण्याचा धोका. जमिनीच्या लांबीवर न जाता उभी उंची मोजून पाइप बदलला की दोन्ही टळतं.

दाब फार लहान असतो तेव्हाही एककाकडे लक्ष हवं. घरगुती गॅसच्या सिलिंडरचा रेग्युलेटर शेगडीला ३० ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर एवढाच दाब देतो, म्हणजे ३० सेंटिमीटर पाणी किंवा साधारण २९ मिलीबार. पाइपने येणारा नैसर्गिक गॅस २१ मिलीबारने येतो. दाब कमी, शिवाय तेवढ्याच आकारमानात उष्णताही कमी. म्हणून जोडणी बदलताना शेगडीचे नोझल बदलून मोठ्या भोकाचे बसवतात. ते काम घरच्या घरी टाचणीने भोक मोठं करून करू नये.

अचूकता किती हवी, हे कामावर ठरतं. टायरमध्ये दोन टक्के इकडेतिकडे चालतात, म्हणून बार आणि किलो एकच धरले तरी बिघडत नाही. गेज तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या प्रयोगशाळेत हीच दोन टक्क्यांची चूक मोठी आहे. विमानात तर आकडा अचूक असूनही एकक चुकलं तर भागत नाही. विमानाचा उंचीमापक हा मुळात दाबमापकच असतो, आणि उतरताना त्याला त्या ठिकाणचा दाब लावावा लागतो. भारतात तो हेक्टोपास्कलमध्ये सांगतात, अमेरिकेत इंच पाऱ्यात. नियंत्रकाने ९९२ हेक्टोपास्कल या अर्थाने नुसतं "नाइन नाइन टू" म्हटलं आणि वैमानिकाने ते २९.९२ इंच समजून लावलं, तर त्याच्या यंत्रात १०१३ बसतो. फरक २१ हेक्टोपास्कलचा. जमिनीजवळ एक हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे २७ फूट, म्हणजे विमान खऱ्या उंचीपेक्षा साडेपाचशे फुटांहून अधिक वर असल्याचं काटा दाखवेल. ब्रिटनच्या रेडिओ-संभाषणाच्या नियमांत म्हणूनच सांगितलंय की दाब हजाराच्या खाली असेल तर आकड्यापाठोपाठ "हेक्टोपास्कल" हा शब्द उच्चारायचाच.